बारसे केले, आता भार उचला

एक प्रश्न पुष्कळ दिवस आमच्या मनात घोळतो आहे, तो आज वाचकांपुढे मांडतो. जो जीव आपण जन्मात कधी पाहणार नाही, ज्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही, जो आहे हेही कालपरवापर्यंत शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हते, असा एखादा जीव जगातून समूळ नाहीसा झाला, तर आपण त्याचे काही देणे लागतो काय? आणि त्याला राखण्यासाठी एखाद्या गरिबाचा हात धरावा लागला, तर धर्म कोणत्या बाजूला?

प्रश्न अधांतरी ठेवला की उत्तरही अधांतरीच राहते. म्हणून एक नेमका जीव घेऊ आणि त्याच्यावरच हा विचार घासून पाहू.

दक्षिण अमेरिकेत इक्वेडोर नावाचा देश आहे. त्याच्या नैर्ऋत्य भागात अँडीज पर्वताच्या पश्चिमेकडील रांगेत सेरो दे आर्कोस म्हणून एक डोंगर आहे. ह्या नावाचा अर्थ कमानींचा डोंगर. तेथील खडक वाऱ्यापावसाने झिजून कमानीसारखे झाले आहेत. एल ओरो आणि लोहा ह्या दोन प्रांतांच्या शिवेवर तो उभा आहे. दुसऱ्या नावावरून कोणी लोखंड मनात आणू नये. त्याचा लोखंडाशी संबंध नाही. पहिल्याचा अर्थ मात्र खरोखरच ‘सोने’ असा आहे, आणि त्या सोन्याशी आपल्याला पुढे गाठ घालायची आहे.

ह्या डोंगरमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० ते ३,७०० मीटरांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, एक चिमुकला पक्षी राहतो. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत वीतभरही भरत नाही. नराची पाठ हिरवी, पोट पांढरे आणि गळा असा निळा की ऊन पडले म्हणजे निळाईची ठिणगी उडावी. इंग्रजीत ज्यांना हमिंगबर्ड म्हणतात त्या कुळातला हा. आपल्या अंगणात जास्वंदीवर येतो त्या शिंजिराला काही लोक हमिंगबर्ड म्हणतात, ते खरे नव्हे. शिंजीर वेगळ्या कुळातला. हमिंगबर्डांच्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडातच आढळतात. ह्या आपल्या पक्ष्याचे शास्त्रीय नाव ओरिओट्रोकिलस सायनोलीमस. सायनोलीमस म्हणजे निळ्या गळ्याचा. नीलकंठ म्हणावे, तर ते नाव आपल्याकडे आधीच दुसऱ्या पक्ष्याला दिलेले आहे. तेव्हा ह्या लेखापुरते आम्ही त्याला निळगळ्या म्हणू.

ह्या निळगळ्याचा संसार पाहा. त्या माथ्यांवर झाडे नाहीत. गवत, झुडपे, खडक आणि धुके. अशा उंच गवताळ प्रदेशाला तेथे पारामो म्हणतात. चुकिरागा नावाचे एक काटेरी पानांचे झुडूप तेथे वाढते, त्याला नारिंगी फुले येतात. निळगळ्याची भिस्त मुख्यतः ह्या फुलांतल्या मधावर. सखल भागातले हमिंगबर्ड फुलापुढे हवेत तरंगत मध पितात. ह्याच्या कुळातले डोंगरी पक्षी पुष्कळदा पायांनी फांदीला धरून बसतात आणि मध पितात, कारण विरळ हवेत तरंगणे महाग पडते. दिवसा पोट भरले नाही तर रात्र काढणे कठीण, इतकी तेथे थंडी. मग हे एवढेसे जीव करतात काय? रात्री आपला देह जवळजवळ विझवून ठेवतात. जागेपणी मिनिटाला हजाराच्या घरात जाणारे काळजाचे ठोके पन्नास-शंभरावर येतात, अंग गार पडते. पेरू देशातल्या अँडीजमध्ये अशाच एका डोंगरी हमिंगबर्डाचे अंग रात्री सव्वातीन अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेले मोजले गेले, ते २०२० साली प्रसिद्ध झाले. पहाट झाली की हाच गारठलेला गोळा थरथरून स्वतःला पुन्हा पेटवतो आणि फुलाकडे जातो. रोज मरणाच्या उंबरठ्यापर्यंत जायचे आणि रोज परत यायचे, असा ह्याचा नित्यक्रम.

असा हा जीव तेथे किती हजार वर्षे नांदत होता कोण जाणे. शास्त्राच्या वहीत मात्र त्याची नोंद नव्हती. फ्रान्सिस्को सोर्नोसा ह्या तेथील पक्षी-अभ्यासकाला तो २०१७ साली दिसला आणि त्याचे छायाचित्र निघाले. पुढे सोर्नोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासचे माथे पालथे घातले आणि २०१८ साली ‘ऑक’ ह्या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात त्याचे वर्णन करून नाव ठेवले. म्हणजे बारसे झाले म्हणा ना! पण त्याच लेखात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली. ह्याचा सगळा मुलूख सुमारे शंभर चौरस किलोमीटरांचा; संख्या फार तर ७५०, कदाचित त्याहून पुष्कळच कमी. तेव्हा ह्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ह्या वर्गात घालावे. पाळण्यात घातलेल्या मुलाचे नाव कानात सांगावे आणि त्याच दमात त्याचे दुखणेही सांगावे, तसे हे झाले.

‘अतिसंकटग्रस्त’ म्हणजे काय, हे थोडे उलगडून सांगणे जरूर आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघ १९४८ साली स्थापन झाला आणि १९६४ पासून तो जगातल्या जीवजातींची एक लाल यादी ठेवीत आला आहे. त्या यादीत पायऱ्या आहेत. अतिसंकटग्रस्त ही अशी पायरी की तिच्याखाली केवळ पिंजऱ्यात उरलेले आणि मुळीच न उरलेले, असे दोनच वर्ग राहतात. ही पायरी ठरते ती नुसत्या विरळपणावरून नव्हे. मुलूख केवढा, तो एकसंध आहे की फाटलेला, घटतो आहे काय, पिल्ले देण्याजोगे नरमादी किती, अशा मोजमापांवरून ती ठरते. शेतकऱ्याला हे लगेच कळेल. चार घरी चार कणग्यांत बी ठेवलेले असले तर एका घराला आग लागली तरी गावची पेर होते. सगळे बी एकाच कणगीत असेल तर एक ठिणगी पुरे. निळगळ्याची कणगी एकच आहे. भोवती खोल, उष्ण दऱ्या; त्या ओलांडून दुसऱ्या माथ्यावर संसार थाटावा, हे त्याला सहज जमणारे नाही. जगाची हवा तापते आहे, म्हणून वर सरकावे म्हटले, तर डोंगराच्या माथ्यावर बसलेल्याला आणखी वर जागा कोठली?

आणि ठिणगी तर पडतेच आहे. गुरांना कोवळे गवत मिळावे म्हणून तेथे पारामोला आग लावतात. गवत पावसाबरोबर परत येते, चुकिरागाचे झुडूप इतक्या लौकर येत नाही. दुसरे, गुरांची चराई. तिसरे, डोंगराच्या पोटातले सोने आणि त्याच्यासाठी होणारी खोदाई. प्रांताचे नावच सोने, तेथे कुदळ थांबणार कशी?

वस्तुस्थिती ही अशी आहे. आता शंका घेऊ.

पहिली शंका काळाची. कोणी म्हणेल, “बुवा, जन्मले ते जाणारच. डोंगराएवढे प्राणी गेले, त्यांची हाडे सापडतात. मग एका चिमणीएवढ्या पाखरासाठी एवढा आक्रोश कशाला?” ही शंका ऐकायला मोठी वैराग्याची वाटते, पण तिच्यात एक लबाडी दडलेली आहे. ऐंशी वर्षांचा म्हातारा आज ना उद्या जाणार, हे खरे. म्हणून त्याच्या पेजेत कोणी विष कालवले, तर पंच त्याला सोडतात काय? मरण निश्चित आहे, एवढ्याने मारणारा निर्दोष ठरत नाही. काळाच्या हातून होणारे ते काळाचे, आमच्या हातून होणारे ते आमचे. पारामोला आग काळ लावीत नाही, काडी माणसाच्या हातात असते. वैराग्य स्वतःच्या भोगाविषयी धरायचे असते. दुसऱ्याच्या जिवाविषयी धरले की त्याला वैराग्य म्हणत नाहीत, बेपर्वाई म्हणतात.

दुसरी शंका पंडिताची, आणि ती आम्हांला अधिक गोड वाटते. तर्कसंग्रह वाचणारा पोरगादेखील सांगेल की, नैयायिकांच्या मते जाती नित्य आहे. ती एक असून अनेक व्यक्तींच्या ठायी राहते. गोत्व गाईबरोबर जन्माला येत नाही आणि गाईबरोबर मरत नाही. मग निळगळ्याची जातही नित्यच झाली! व्यक्ती जातील, जाती कशी जाईल? जी जाऊच शकत नाही तिला वाचवायची खटपट कशाला?

उत्तर असे की, येथे एकाच शब्दाचे दोन अर्थ मिसळले आहेत. नैयायिकाची जाती म्हणजे पदार्थ ओळखण्याचे तत्त्व. तिला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही. गोत्वाने आजवर कोणाला पेलाभर दूध दिले नाही. दूध दिले ते दावणीच्या गाईने. पक्षी-अभ्यासक ज्याला जात म्हणतात तो वंश आहे, एकापासून दुसरा झालेला, हाडामांसाचा. तो तुटू शकतो. तेव्हा तत्त्व नित्य असो वा नसो, आमचा व्यवहार वंशाशी आहे.

पण पंडित एवढ्यावर थांबणार नाही. तो म्हणेल, “ठीक, दुःख व्यक्तीला होते हे तुम्हीच मान्य केले. मग सातशे निळगळे मेले काय आणि सातशे चिमण्या मेल्या काय, दुःख सारखेच. निळगळ्याचे विशेष कौतुक का?” हा प्रश्न खरा आहे. ह्याचे उत्तर आपल्या खेड्यातल्या बोलीतच आहे. भांडणात एखादी बाई “मर मेल्या” म्हणते, तेव्हा ऐकणारे हसतात. पण “तुझा निर्वंश होवो” असे शब्द तोंडातून निघाले की म्हातारी माणसे कानावर हात ठेवतात. का? मरणाने एक जीव जातो. निर्वंशाने पुढचे सगळे जन्म बंद होतात. चिमणी मेली तर दुसऱ्या वळचणीला दुसरी चिमणी अंडे घालते. शेवटचा निळगळा मेला की त्याच्या मागे मरायलासुद्धा कोणी उरत नाही. हे नुकसान भरून देण्याची शक्ती कोणत्याही राजाकडे नाही, कोणत्याही शास्त्रज्ञाकडे नाही. म्हणून दुःख सारखे असले तरी अपराध सारखा नाही. ज्याची परतफेड होऊ शकत नाही असे कर्ज काढताना मनुष्याने दहा वेळा थांबावे.

तिसरी शंका व्यवहाराची. “उपयोग काय?” ह्याला एक तयार उत्तर आहे. पारामोची माती आणि गवत स्पंजासारखे पाणी धरून ठेवते आणि खालच्या नद्यांना बारा महिने थोडे थोडे सोडते. पारामो राहिला तर पक्षी राहतो आणि खालच्या गावांना पाणीही मिळते. हे लोकांना पटते. इक्वेडोरची राजधानी कितो; तिने आपल्या पाण्याचे डोंगर राखण्यासाठी २००० साली एक निधी उभारला. निळगळ्याच्या मुलुखापासून फार दूर नसलेल्या क्वेंका शहरात २०२१ साली मतदान झाले, तेव्हा ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांनी नद्यांच्या उगमाकडील भागांत मोठ्या खाणी नकोत असा कौल दिला.

हे सर्व चांगलेच आहे. पण आम्ही वाचकांना सावध करतो. उपयोगाच्या खुंटीवर टांगलेली दया खुंटी निघाली की खाली पडते. उद्या कोणी नळाने दुसरीकडून पाणी आणले, तर निळगळ्याला मारायला मोकळीक झाली काय? थकलेल्या बैलाविषयी आपण हेच बोलतो ना? नांगर ओढील तोवर वैरण घालणारा पुष्कळदा हिशेबी असतो. पुढेही घालतो तो दयाळू. इक्वेडोरच्या लोकांनी २००८ सालच्या आपल्या राज्यघटनेत एक धीट गोष्ट लिहून ठेवली आहे. निसर्गाला, ज्याला ते पाचामामा म्हणजे धरणीमाता म्हणतात, स्वतःचे हक्क आहेत, असे त्या घटनेत आहे. ते कलम शोभेचे राहिले नाही. २०२१ साली तेथल्या घटना न्यायालयाने लोस सेद्रोस नावाच्या अरण्यात खाणीला मनाई केली, ती ह्याच हक्कांच्या आधाराने. हक्क म्हणजे काय, तर उपयोग विचारण्याआधी जे मान्य करावे लागते ते.

आता चौथी शंका. ही सर्वांत जड आहे, कारण ती भुकेची आहे. त्या डोंगरावरचा गुराखी म्हणेल, “तुमचे पाखरू सुंदर असेल. माझ्या चार गाईंना गवत पाहिजे. माझ्या आजाने आग लावली, बापाने लावली, मीही लावतो. तुम्ही शहरातून आलात, पाखराचे नाव ठेवलेत, आणि आता मला काडी ओढू नको म्हणता!”

ह्या माणसाला हसून घालवता येणार नाही. त्याचा प्रश्न आपल्या सह्याद्रीतही आहे. उन्हाळ्यात आपल्याकडेही डोंगरउतारांना वणवे लावतात, आणि समजूत हीच की नवे गवत जोमाने येते. अशा गावात जाऊन “आग लावणे पाप” एवढेच सांगून परत येणे फार सोपे आहे. सांगणाऱ्याचे काही जात नाही आणि ऐकणाऱ्याच्या दावणीला गवत येत नाही.

आमचे म्हणणे असे. जीव राखणे हा धर्म खरा, पण त्या धर्माची किंमत एकट्या गरिबाच्या ताटातून काढणे हा अधर्म. ज्याने शोधले, ज्याने नाव ठेवले, ज्याला त्या पाण्याचा लाभ आहे, ज्याला त्या सोन्याची हाव आहे, त्या सर्वांनी भार वाटून घेतला पाहिजे. अशी वाटणी होऊ शकते, ह्याचा मासलाही आहे. इक्वेडोरमध्ये १९९८ साली स्थापन झालेली जोकोतोको नावाची संस्था दुर्मिळ पक्ष्यांसाठी जमिनी राखते. सेरो दे आर्कोसला तिने राखीव क्षेत्र उभे केले आहे. अशा ठिकाणी स्थानिक माणसाला राखणदारीचे काम द्यावे, त्याच्या गुरांच्या वैरणीची दुसरी सोय करावी, मगच त्याच्या हातातली काडी मागावी. आधी देणे, मग मागणे. हा क्रम उलटा केला की चांगले कामही जुलूम होते.

आणि सोने? ते कोणाला हवे आहे? येथे निळगळ्या एकदम आपल्या उंबऱ्यात येऊन बसतो. जगात सोन्याची सर्वांत अधिक खरेदी करणाऱ्या देशांत चीनच्या बरोबरीने आपलाच देश आहे. त्या डोंगराचेच सोने आमच्या लेकीसुनांच्या पाटल्यांत आले, असे आम्ही म्हणत नाही. पण बाजार एक आहे, भाव एक आहे. लग्नात दोन तोळ्यांनी भागत असता ऐपत दाखवण्यासाठी दहा तोळे घातले, तर त्या भावाला आम्हीही बोटभर वर ढकलले. भाव चढला की कोठल्यातरी डोंगरावर कुदळ पडते. तेव्हा “आम्ही कोठे, तो पक्षी कोठे” हे वाक्य पुरते खरे नाही. गुराख्याची काडी दिसते, कारण ती पेटते. आमच्या कपाटातल्या दागिन्यातून धूर निघत नाही, एवढाच फरक.

कोणी म्हणेल की दूरच्या पाखरासाठी गळा काढण्यापेक्षा जवळचे पाहावे. अवश्य पाहावे! आमच्या खानदेशातच पाहा. वनपिंगळा नावाचे छोटे घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीने आढळले नव्हते. ते संपले असेच पुष्कळांनी धरले होते. १९९७ साली शहाद्याजवळच्या रानात ते पुन्हा दिसले. एकशे तेरा वर्षे तो जीव आपल्या रानात जगत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता. आज तोही संकटग्रस्त आहे, कारण त्याचे सागाचे रान तुटते आहे. म्हणजे दूरचा न्याय आणि जवळचा न्याय वेगळे नाहीत. निळगळ्याला लावलेले माप वनपिंगळ्याला लावता येते, आणि ते लावायला विमानाचे तिकीट लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपण काही देणे लागतो काय? आमचा निष्कर्ष असा आहे. २०१७ पूर्वी त्या डोंगराला आग लावणाऱ्याला किंवा त्या सोन्याची हाव धरणाऱ्याला “आम्हांला ठाऊक नव्हते” असे म्हणता येत होते, आणि ते खोटे नव्हते. न कळता पाय पडला तर लोक क्षमा करतात. कळल्यावर तोच पाय त्याच जागी पडला, तर त्याला चुकून म्हणत नाहीत. निळगळ्याला आपण नाव दिले त्याचे त्याला काही नाही. तो आधीही जगत होता, आताही फुलापाशी येताना आपले नाव विचारीत नाही. नाव दिल्याने फरक पडला तो आपल्यात. अज्ञानाची सबब गेली. जे कळले त्याचे देणे लागते. आणि ते ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे फेडायचे असते, दुबळ्याकडून आधी वसूल करायचे नसते.

आता हे ज्याने वाचले त्यालाही कळले. तेव्हा वाचकांनी फार मोठे काही करावे अशी आमची मागणी नाही. यंदा घरात लग्न असेल तर सोन्याचा आकडा काढताना एकदा थांबावे. गावच्या डोंगराला वणवा लावायचा बेत निघाला, तर लावणाऱ्यावर ओरडण्याआधी त्याच्या गुरांना वैरण कोठून येईल, ह्याची गावाने बसून व्यवस्था करावी. आणि रानात अनोळखी पाखरू दिसले तर पोरांना दगड खाली टाकायला सांगावे. इत्यलम्.